सभा उठल्यानंतर

गेल्या महिन्यात आमच्या एका वाचकभगिनीने आम्हांस एक प्रश्न विचारला. प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर आम्हांस चटकन देता आले नाही. जो प्रश्न लेखणीस असा अडवून धरतो, त्यास वळसा घालून पुढे जाणे आमच्यासारख्यांस शोभत नाही. म्हणून या महिन्याचे हे पान त्यासच द्यावे असे आम्ही ठरविले आहे.

ही भगिनी पुण्याची. घर सुशिक्षित, सासूबाई निवृत्त शिक्षिका, यजमान नोकरीत, मुले शाळा-महाविद्यालयांत. पुण्यात सभांस तोटा नाही हे सर्वश्रुतच आहे. एखाद्या आठवड्यातील कार्यक्रमांची यादी पाहावी तर एका सभागृहात जातिभेदनिर्मूलनावर परिसंवाद, दुसऱ्या ठिकाणी युद्ध व शांतता या विषयावर व्याख्यान, रविवारी सकाळी नदीकाठची पदयात्रा आणि त्याच दिवशी सायंकाळी टेकडीवरील वृक्षांचा परिचय. या सासू-सुना अशा कार्यक्रमांस नेमाने जातात. मागे अशाच एका सभेचा विषय होता शहरातील कचरा. आपल्या दारी रोज कचरा न्यावयास येणाऱ्या बाईंसही सूनबाईंनी मोठ्या आपुलकीने आमंत्रण दिले. बाई हसून म्हणाल्या, "सभंत मला काय सांगनार, ताई? रोज उचलते तर मीच. आन् तुमची सभा अकराला. त्या वक्ताला मी शेडवर माल निवडत असते."

सभा उत्तम झाली. वक्ते विद्वान होते, टाळ्या पडल्या, आभारप्रदर्शन झाले. घरी येऊन सूनबाईंनी स्वयंपाकघरातील कचऱ्याचा डबा उघडला, तो त्यात भाजीची देठे, दुधाच्या पिशव्या, औषधांची रिकामी पाकिटे आणि आदल्या दिवशीचा भात हे सर्व एकत्र कालवलेले! आमच्या भगिनी विचारतात, "मग आम्ही या सभांस जातो, ते कशाकरिता?"

या प्रश्नावर एक तयार उत्तर आहे व ते खोटेही नाही. सभांनी लोकमत घडते, लोकमताने कायदे होतात, आणि कायद्यांच्या आधाराने दुष्ट रूढी मोडता येतात. पुणे शहरास तर हा धडा मुळाक्षरांबरोबरच मिळालेला आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या सायंकाळी विचारवंतांचे चार शब्द ऐकावयास जाणे हा येथील मध्यम वर्गाचा एक कुलाचारच होऊन बसला. ज्या घरात आजोबा नातवाचे बोट धरून त्यास व्याख्यानास नेतात, त्या घरास आम्ही भाग्यवान समजतो. परंतु कुलाचाराचा एक दोष असा की, तो पार पडला म्हणजे कर्तव्य संपले असे मनास वाटू लागते. ऐकले म्हणजे केले, असा एक समज आपल्या वर्गात नकळत रुजून गेला आहे, आणि आमच्या भगिनीचा प्रश्न त्यासच हात घालणारा आहे.

योगायोग असा की, त्याच 1875 साली याच शहरात एक निराळ्या तऱ्हेचा कार्यक्रमही घडला. स्वामी दयानंद सरस्वती पुण्यास आले होते. त्यांची व्याख्याने झाल्यावर त्यांची शहरातून मिरवणूक काढावी असे सुधारकांनी ठरविले. विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढून त्यांची चेष्टा केली आणि स्वामींच्या मिरवणुकीवर चिखलफेक केली. न्यायमूर्ती रानडे त्या मिरवणुकीत होते. त्यांच्याही अंगावर चिखल उडाला. महात्मा जोतीराव फुले आपल्या माणसांसह तीत सामील झाले होते. स्वामींची सर्वच मते रानड्यांस वा फुल्यांस मान्य होती असे मुळीच नाही. तरीही पाहुण्यास आपले मत निर्भयपणे मांडता यावे, एवढ्याकरिता ते रस्त्यावर उभे राहिले. व्याख्यानमाला काढणारा पुरुष व चिखल अंगावर घेणारा पुरुष एकच होता, ही गोष्ट व्याख्यानमालेचा अभिमान बाळगणाऱ्या आपण सर्वांनी विसरता कामा नये.

याच्याही सात वर्षे आधीची एक गोष्ट आहे, आणि तीत तर भाषणाचा संबंधच नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळी, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालील बांधीव नळाने पुण्यात आणण्यात आले व ठिकठिकाणच्या हौदांत सोडण्यात आले. शहराच्या दृष्टीने ती केवढी सोय! परंतु सार्वजनिक पाण्यास जातीचे कुंपण होते. ज्यांस अस्पृश्य मानले जाई त्यांस त्या पाण्यास हात लावण्याची मुभा नव्हती. 1868 साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांच्याकरिता खुला केला. त्याकरिता सभा भरवावी लागली नाही, ठराव मांडावा लागला नाही, अध्यक्षही शोधावा लागला नाही. जातभाईंचा रोष सोसण्याची तयारी मात्र लागली. दुसऱ्याच्या मालकीचा हौद खुला करावा असा ठराव एकमताने पास करणे सोपे असते. जोतीरावांचा हौद घरचा होता, आणि म्हणूनच ते काम अवघड होते.

यापुढची हकीकत सांगताना आम्हांस संकोच होतो, कारण आपल्या घरांतील गप्पागोष्टींत ती सहसा निघत नाही. 13 ऑक्टोबर 1929 रोजी पर्वतीच्या देवळात अस्पृश्यांस प्रवेश मिळावा म्हणून शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज प्रभृतींच्या पुढाकाराने सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रही निःशस्त्र होते. त्यांस शिव्याशाप ऐकावे लागले, दगड व मार खावा लागला. आणि तो देणारे स्वतःस सनातनी म्हणविणारे आपलेच लोक होते. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी यांच्यासारखी आपल्यातलीच माणसे सत्याग्रहींच्या बाजूने उभी होती, हेही तितकेच खरे. देऊळ त्या वेळी उघडले नाही. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा व्हावयास 1947 साल उजाडावे लागले; मधली अठरा वर्षे वाट पाहण्यात गेली. आज त्याच पायऱ्यांवरून आपण आरोग्याकरिता सकाळी चढतो-उतरतो. त्या दिवशी आपल्या घरातील कोणी तेथे असते तर ते कोणत्या बाजूस उभे राहिले असते, हा प्रश्न एखाद्या सकाळी त्या पायऱ्या चढता चढता प्रत्येकाने स्वतःस विचारण्यासारखा आहे.

येथवर आम्ही सामाजिक न्यायाविषयी लिहिले. शांतता हा विषय निराळा आणि नद्या-टेकड्या हा तिसराच, असे कोणी म्हणेल. कार्यक्रमपत्रिकेत ते निराळे असतात खरे; परंतु पुण्यातच एक जागा अशी आहे की, जेथे हे तिन्ही विषय एकत्र आलेले दिसतात. ओंकारेश्वराच्या देवळाजवळ मुठेवर एक पूल आहे. त्यास महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव दिलेले आहे. शिंदे यांनी 1906 साली मुंबईत भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळीची स्थापना केली व अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यास आयुष्य वाहिले. या पुलावर 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी फिरावयास निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची गोळ्या घालून हत्या करण्यात आली.

दाभोलकरांची सर्व मते आमच्या सर्व वाचकांस पटत असतील असे नव्हे. परंतु त्यांच्या कार्याकडे पाहा. जातपंचायतींनी माणसांस वाळीत टाकू नये म्हणून ते झगडत होते. हा न्यायाचा प्रश्न. गणेशविसर्जनाने नद्या-विहिरींचे पाणी दूषित होऊ नये म्हणून ते लोकांस विनवीत होते. हा निसर्गाचा प्रश्न. आणि विचाराचा प्रतिवाद विचारानेच झाला पाहिजे, हा आग्रह त्यांनी संयमाने व कायद्याच्या मार्गाने चालविला होता. यासच आम्ही शांतता म्हणतो. 10 मे 2024 रोजी पुण्यातील विशेष न्यायालयाने दोघांस जन्मठेप सांगितली व तिघांस सोडून दिले. त्यांच्या स्मृतिदिनी सकाळी लोक त्या पुलावर जमतात, गाणी म्हणतात व आपापल्या कामास जातात. वर शिंद्यांचे नाव, मध्ये दाभोलकरांची आठवण आणि खाली शहराचे सांडपाणी वाहून नेणारी मुठा. या तिन्ही विषयांवर वेगवेगळी व्याख्याने ऐकून जे कळत नाही ते तेथे घटकाभर उभे राहिल्याने कळते.

शांततेविषयी आणखी थोडे. या शब्दास आपल्या घरांत एक खासगी आठवण चिकटलेली आहे. 30 जानेवारी 1948 रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. खून करणारा व त्याचा प्रमुख साथीदार पुण्यात राहणारे व आपल्या समाजातील होते. त्यानंतरच्या दिवसांत पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे व दुकाने जाळण्यात आली. ज्यांचा त्या कृत्याशी काडीचाही संबंध नव्हता, अशा कुटुंबांनी रातोरात गाव सोडले. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या आजी-आजोबांनी ती हकीकत सांगितली असेल. कित्येकांनी ती कधीच उच्चारली नसेल, पण कोकणातल्या वा घाटावरच्या एका गावाकडे आपण पुन्हा का गेलो नाही, याचे उत्तर तीत दडलेले असेल.

ही आठवण दोन प्रकारे जपता येते. तिचे वैर करून ती पुढल्या पिढीस देता येते, किंवा तिच्यातून एक नियम काढता येतो. तो नियम असा: एकाच्या अपराधाकरिता साऱ्या समाजास दोषी धरणे हा अन्याय आहे. हा नियम आपल्यास हवा असेल तर तो दुसऱ्यासही लागू केला पाहिजे. आज आपल्या हातातील भ्रमणध्वनीवर रोज सकाळी सुप्रभाताबरोबर असे संदेश येतात की, त्यांत कोणत्या ना कोणत्या समाजास एकगठ्ठा चोर, देशद्रोही किंवा फुकटखाऊ ठरविलेले असते. नातलगांच्या व्हॉट्सअॅपगटात काका, मावशी, मेहुणे ते श्रद्धेने पुढे पाठवितात. सायंकाळी शांततेवरील व्याख्यान ऐकावे आणि रात्री निजण्यापूर्वी असा एक संदेश दहाजणांस धाडावा, यासारखी विसंगती दुसरी नाही. 1948 साली ज्यांची घरे जळाली त्यांच्या नातवंडांनी तरी ती करू नये. वडील माणसास उलटून बोलणे नको असेल तर, "काका, हे खरे आहे का ते आधी पाहूया," एवढे नम्रपणे लिहिता येते. तेवढ्यानेही पुष्कळ थांबते, असा आमचा अनुभव आहे.

आता निसर्गाकडे वळू. पुण्यात अलीकडे सर्वांत अधिक माणसे जर कोणत्या विषयाने घराबाहेर काढली असतील तर ती नदीने व टेकडीने. एप्रिल 2023 मध्ये वेताळ टेकडीवरील नियोजित रस्ता व बोगदे यांस विरोध करण्याकरिता नागरिक टेकडीवर चालत गेले. त्याच महिन्याच्या 29 तारखेस हजारो लोक नदीकाठच्या झाडांकरिता एकत्र आले व त्यांनी आपल्या आंदोलनास चिपको असे नाव दिले. मुळा, मुठा व मुळा-मुठा यांच्या सुमारे 44 किलोमीटर लांबीच्या पात्राचे काठ बांधून सुशोभित करण्याची महापालिकेची योजना हे त्याचे कारण. योजनेच्या समर्थकांचे म्हणणे असे की, त्यामुळे पूर आवरेल व घाणेरडे काठ लोकांस वापरता येतील. विरोधकांचे म्हणणे असे की, पात्र आवळल्याने पूर वाढेल, जुनी झाडे व पाणथळी नष्ट होतील, आणि आधी पाणी स्वच्छ करावयास हवे. आमचे स्वतःचे मन दुसऱ्या पक्षाकडे झुकते. परंतु येथे आम्हांस निराळीच गोष्ट सांगावयाची आहे.

चिपको हे नाव आपण ज्यांच्याकडून घेतले त्या हिमालयातील स्त्रिया होत्या. 1974 साली रेणी गावच्या गौरादेवी व त्यांच्या सोबतिणी झाडांपुढे उभ्या राहिल्या, तेव्हा ते रान त्यांच्या चुलीचे सरपण होते, त्यांच्या गुरांचा चारा होते. त्यांस निसर्गप्रेम निराळे शिकावे लागले नाही. आपल्या शहरात नदीवर ज्यांचे जिणे असे अवलंबून आहे ते कोण? काठावर, ओढ्याच्या कडेस, पत्र्याच्या घरांत राहणारे लोक. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढ्यास पूर आला. ज्या कात्रजच्या पाण्याने पेशवाईत शहराचे हौद भरले, त्याच बाजूने येणारा हा ओढा. त्याचे पात्र वर्षानुवर्षे बांधकामांनी आवळत आणलेले होते. त्या रात्री पुणे परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. पाणी सोसायट्यांतही शिरले, हे खरे. परंतु सोसायटीतील मनुष्य जिना चढून वर गेला, आणि ओढ्याकाठच्या वस्तीतील माणसास चढावयास जिनाच नव्हता. नदीवरील सभेत पक्षितज्ज्ञ असावेत, वनस्पतिशास्त्रज्ञ असावेत, स्थापत्यविशारद असावेत; पण ज्या बाईचे घर त्या रात्री वाहून गेले तिला व्यासपीठावर खुर्ची नसेल, तर त्या सभेस अर्धाच विषय कळलेला आहे.

आणि येथेच आम्ही आमच्या भगिनीच्या दारी येणाऱ्या बाईंकडे परत येतो. पुण्यात एक सभा अशीही झाली आहे की, जीत ऐकणारे व बोलणारे यांची नेहमीची वाटणी उलटी झाली. महर्षी कर्वे यांनी 1916 साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढशिक्षण विभागाच्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या स्त्रियांस अक्षरओळख करून देण्याकरिता त्यांच्या वस्त्यांत जाऊ लागल्या. त्यांच्याबरोबर फिरता फिरता त्यांच्या ध्यानी आले की, या स्त्रियांस अक्षरांच्या आधी हव्या आहेत त्या दोन गोष्टी: उकिरड्यात हात न घालता माल मिळावा, आणि चोर म्हणून कोणी हाकलू नये. 1993 साली डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली कचरावेचकांची परिषद भरली. शेकडो स्त्रिया जमल्या आणि तीतून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. पुढे तिच्या ओळखपत्रांस महापालिकेची मान्यता मिळाली. 2008 साली या कष्टकऱ्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी महापालिकेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. कालपर्यंत उकिरड्यावर वाकलेली बाई आता अंगात कोट घालून, ढकलगाडी घेऊन, हक्काने आपल्या दाराची घंटा वाजवू लागली. आमच्या मते पुण्यातील गेल्या अर्धशतकातील सर्वांत फलदायी सभांत या परिषदेची गणना व्हावी. ज्यांचा प्रश्न होता तेच तेथे आले होते, आणि उठताना काहीतरी करावयाचे ठरवून उठले होते, हे त्या फलाचे कारण.

हे काम करणाऱ्यांत बहुतेक स्त्रिया आहेत व त्या बहुतांशी दलित समाजातील आहेत, हे सांगावयास नकोच. म्हणजे ज्यांच्याकरिता जोतीरावांनी हौद खुला केला, त्यांच्याच लेकी-सुना आज आपल्या दाराशी येतात. त्यांस आपण पाणी विचारतो का? विचारले तर कोणत्या भांड्यातून देतो? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही परिसंवादात मिळणार नाही. ते आपल्या मोरीवरील मांडणीत मिळेल.

एक नाजूक गोष्ट आमच्या भगिनींकरिता लिहितो. मासिक पाळीच्या वेळी वापरलेल्या घड्या पुष्कळ घरांतून तशाच उघड्या टाकल्या जातात व त्या या बायकांस हातांनी निवडाव्या लागतात. 2013 साली त्यांच्या संस्थेने अशा घड्यांची पोती उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवून निषेध केला. पुढे त्यांनी एक सोपी विनंती केली: घडी कागदात नीट गुंडाळावी व वर तांबडा ठिपका काढावा, म्हणजे पुडी उघडावी लागणार नाही. 2016 च्या सरकारी नियमांनीही ओला, सुका व घातक कचरा घरीच वेगळा करावयास सांगितले. वर्तमानपत्राचा एक तुकडा व तांबड्या पेन्सिलीची एक खूण! आपल्याच वयाच्या एका स्त्रीची विटंबना टाळण्याकरिता एवढे करणे ज्या घरास जड वाटते, त्या घराने समतेवरील व्याख्यानास कोणत्या तोंडाने जावे?

आता आमच्या भगिनीस उत्तर. सभांस जाणे सोडू नये. परंतु सभेहून येताना घरी एक लहानसे काम घेऊन यावे. कचऱ्यावरील व्याख्यान ऐकले, तर दुसऱ्या दिवशी दोन डबे मांडावेत व ते वेगळे राहतात की नाही याची जबाबदारी घरातील पुरुषांवर व मुलांवरही टाकावी. सूनबाईंनी एकटीनेच का निवडत बसावे? नदीवरील व्याख्यान ऐकले, तर मोरीतून व धुलाईयंत्रातून दररोज काय नदीत जाते ते पाहावे व साबण-चुऱ्याचे प्रमाण कमी करावे. गणपती शाडूचा व लहान आणावा आणि घरच्या बादलीत विसर्जित करावा. मूर्ती प्लॅस्टरची असेल, तर अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात ती विरघळते, असे पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दाखवून दिले आहे. शांततेवरील व्याख्यान ऐकले, तर निदान एक विखारी संदेश आपल्यापाशी थांबवावा. यांतले एकही काम मोठे नाही. परंतु प्रत्येकात कोणाची ना कोणाची नाराजी थोडी सोसावी लागते, आणि न सोसता झालेले कार्य टिकल्याचे आम्ही पाहिलेले नाही.

जे लोक सभा भरवितात त्यांसही दोन शब्द. ज्यांच्याविषयी बोलावयाचे त्यांच्या सवडीची वेळ आधी विचारावी. कचरा वेचणारी बाई, हमाल, ओढ्याकाठची गृहिणी यांस श्रोते म्हणून बोलावण्यापेक्षा वक्ते म्हणून बोलवावे, आणि त्यांचा बुडालेला रोज भरून द्यावा. प्राध्यापकांस आपण मानधन देतोच की! सभेच्या शेवटी आभारांबरोबर मागील सभेत ठरलेल्या गोष्टींपैकी काय झाले व काय राहिले, हे वाचून दाखवावे. कार्यवृत्त वाचण्याची ही जुनी चाल आपल्या मंडळांतून नाहीशी झाली ही खेदाची गोष्ट आहे.

शेवटी आपल्या घरच्या सभेविषयी. संक्रांतीचे हळदीकुंकू ही स्त्रियांची केवढी मोठी सभा! तिला सभागृहाचे भाडे लागत नाही. 1896 साली ज्या पुण्यात महर्षी कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, त्याच पुण्यातील कित्येक घरांत आजही हळदीकुंकवाच्या दिवशी विधवा जाऊबाई स्वयंपाकघरात बसून असतात. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तेथील ग्रामसभेने मे 2022 मध्ये पतिनिधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, व राज्य सरकारने त्याचा कित्ता इतर गावांपुढे ठेवला. विद्येच्या माहेरघराने एका खेडेगावाकडून शिकण्यात काहीच कमीपणा नाही. यंदाच्या हळदीकुंकवास घरातील विधवा स्त्रीने पहिले कुंकू लावावे. दारी येणाऱ्या बाईंस आमंत्रण असावे, दाराशी नव्हे, तर बैठकीवर. आणि वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डब्याऐवजी जुन्या साडीची शिवलेली पिशवी द्यावी. न्याय, शांतता व निसर्ग हे तिन्ही विषय त्या एका सायंकाळी बैठकीवर येऊन बसतील, आणि अध्यक्षांचे भाषण ऐकावे लागणार नाही!

हे सर्व आम्ही आमच्या भगिनीस कळविले. तिचे उत्तर कालच आले. दोन डबे मांडले आहेत; सासऱ्यांचा हात अजून चुकतो. बाईंस विचारून सोसायटीच्या आवारात रविवारी दुपारी चारला सर्व बिऱ्हाडांची बैठक बोलावली होती. बाई खुर्चीवर बसावयास आधी तयार नव्हत्या. मग सासूबाई त्यांच्या शेजारी बसल्या, तेव्हा बसल्या. बोलल्या फक्त दहा मिनिटे. "काच कागदात गुंडाळून द्या, हात कापतो," हे त्यांचे पहिले वाक्य. चौदा बिऱ्हाडांपैकी नऊ बिऱ्हाडांतून माणसे आली होती. उरलेल्या पाचांकडे सूनबाई स्वतः जाणार आहेत.

त्या पाचांचे काय झाले, ते समजताच आम्ही वाचकांस अवश्य कळवू. तोवर आपापल्या आळीतील, वाड्यातील, सोसायटीतील अशा बैठकांची हकीकत वाचकांनी आमच्याकडे लिहून पाठवावी, इतकी विनंती करून आम्ही या वेळी येथेच थांबतो.